पोलीस भरतीच्या मैदानाला घाबरणाऱ्या मुलीला धीर कसा द्यायचा?

तुम्ही लिहिलंय की तुमची भाची दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी करते आहे. रोजच्या सरावात चांगली पळते, पण मैदानी चाचणीची तारीख आल्यापासून (आता आठच दिवस राहिलेत) तिला झोप नाही, सकाळी उलट्या होतात आणि काल तर "मी जाणारच नाही" म्हणाली. तिला काय सांगावं, असं तुम्ही विचारलंय.

मी पोलीस दलात 31 वर्षं नोकरी करून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. आता तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी पहाटे पाच ते सात मुलामुलींचा सराव घेतो. त्यामुळे तुम्ही जे लिहिलंय ते मी दर भरतीला बघतो, आणि दर वेळी पोटात कालवतं. ही पोरं ढोंग करत नसतात. उलटी खरी असते, हातपाय गार पडतात तेही खरं असतं.

तिला काही सांगण्याआधी एक गोष्ट विचारा: "तुला नेमकी भीती कशाची वाटते?" आणि मग गप्प बसा. पहिलं उत्तर "पळायची" असं येईल. ते खरं नसतं, कारण पळायला ती रोजच पळते. दुसरं, तिसरं उत्तर येईपर्यंत थांबा. माझा अनुभव असा आहे की मैदानाची म्हणून जी भीती दिसते, तिच्यातली निम्मी घरून आलेली असते. उरलेली निम्मी त्या दिवशी तिथे काय काय होणार हे माहीत नसल्याची असते. दोन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून आधी विचारायचं.

आमच्याकडच्या एका मुलीचं सांगतो. नाव लिहीत नाही. वडिलांची जमीन थोडी, ते दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत छाटणीला जातात, आई बेदाण्याच्या शेडवर निवडायला. पोरगी पायाची हलकी, दमाची पक्की. 2023 च्या जानेवारीत ती पहिल्यांदा मैदानाला गेली. गोळाफेकीत एकामागून एक फाऊल झाले आणि 800 मीटरमध्ये दुसऱ्या फेरीला ती बाहेर येऊन बसली. महिनाभर मैदानावर फिरकली नाही. पुन्हा यायला लागली तेव्हा सरावात सगळं ठीक, पण नुसतं "चाचणी घेऊ" म्हटलं की चेहरा पांढरा. एकदा शिट्टी वाजायच्या आधीच लिंबाच्या झाडामागे जाऊन ओकली.

त्या दिवशी मी सराव लवकर सोडला आणि तिला कट्ट्यावर बसवलं. विचारलं, "काय गं, कशाची भीती वाटते?"

"पळायची."

मी काही बोललो नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "गोळ्याची. परत फाऊल झाला तर सगळी बघत्यात." मी तरीही गप्प. ती चपलेनं माती उकरत राहिली आणि मग खाली बघूनच म्हणाली, "काका, ह्या वेळी नाही झालं तर दादा स्थळं बघणार हायेत."

दादा म्हणजे तिचे वडील. ती 800 मीटर पळत नव्हती हो, आयुष्य पळत होती. प्रत्येक पावलाला "हुकलं तर संपलं" हे डोक्यात असेल तर कुठला पाय उचलेल?

मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला, छाटणीच्या रोजाबद्दल बोलणं झालं. मग मी त्यांना वयाचा हिशोब सांगितला. भरतीला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा 28 आणि मागास प्रवर्गाची 33. पोरगी 21 ची. म्हणजे अजून कितीतरी भरत्या तिच्यासमोर आहेत. "दादा, तुम्ही तिला एवढंच सांगा की ह्या वेळी नाही झालं तर पुढच्या भरतीपर्यंत थांबू. खोटं सांगू नका. थांबणार असाल तरच सांगा." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी आत हाक मारली, पोरगी दाराशी आली, आणि ते म्हणाले, "पळ तू. आम्ही काय कुठं पळून चाललोय. पुढच्या बारीपर्यंत थांबू." मी सांगितलेल्यापेक्षा त्यांनी चांगलं सांगितलं.

म्हणून तुम्ही मामा किंवा मावशी जे कुणी असाल, तुमच्या हातात माझ्यापेक्षा जास्त आहे. घरात काय बोललं जातंय ते बघा. "एवढा खर्च केला", "गावाला तोंड दाखवायचंय", "शेजारच्याची झाली बघ" ही वाक्यं आठ दिवस बंद ठेवा. अकादमीच्या फीसाठी कर्ज काढलं असेल आणि तिला ते माहीत असेल, तर ते कसं फिटणार आहे हे तिच्यासमोर मोकळेपणानं बोला. लपवलेल्या कर्जाचं ओझं जास्त असतं.

इथे माझी एक चूक सांगतो, कारण ती मला अजून डाचते. सुरुवातीच्या काळात एका चांगल्या पळणाऱ्या मुलाला मी आदल्या दिवशी म्हणालो होतो, "तू नाही झालास तर आपल्या मैदानाचं नाव जाईल." मला वाटलं मी त्याला जोर देतोय. तो 1600 मीटरला पहिली फेरी वेड्यासारखा पळाला आणि तिसऱ्या फेरीत चालायला लागला. त्यानंतर त्यानं भरतीचा नाद सोडला. माझं नाव मी त्याच्या पाठीवर बांधलं होतं. तेव्हापासून आदल्या दिवशी मी जेवण, झोप आणि बसची वेळ याशिवाय काही बोलत नाही.

आता दुसऱ्या निम्म्याकडे येतो, माहीत नसल्याच्या भीतीकडे. तिला तो दिवस आधी जगायला लावा. मैदान 50 गुणांचं असतं हे तिला पाठ असेल: मुलींना 800 मीटर 20 गुण, 100 मीटर 15, चार किलोचा गोळा 15. त्यात किमान 25 हवेत, आणि लेखीला एका जागेमागे दहा जण बोलावतात, म्हणून जास्तीत जास्त मिळवायचे. पण हे गुण कागदावरचे. त्या दिवशी खरं काय होतं? पहाटे अंधारात गेटवर रांग. प्रवेशपत्र, कागदपत्रं, बोटांचे ठसे. मग उंची. मुलींना 155 सेंटिमीटर लागते आणि तिथेच काही जणी रडत परत जातात, ते रांगेतल्या बाकीच्यांना दिसतं. मग छातीवर नंबर. मग बसून राहणं, कधी कधी तासन्‌तास, शेजारी अनोळखी मुली, कुणी म्हणते मी 800 मीटर दोन मिनिटं पंचेचाळीस सेकंदांत मारते, कुणी म्हणते इथला गोळा जड लागतो. पळायची वेळ येईपर्यंत अर्धा जीव तिथे बसण्यातच जातो. सरावात आपण हे कधी करतच नाही. पोरं येतात, अंग मोकळं करतात, पळतात.

म्हणून आम्ही गावात पूर्ण भरती बसवतो. चुन्यानं आखलेल्या रेघा, नंबराचे कापडी तुकडे, आणि मुद्दाम दुसऱ्या गावचे दोन निवृत्त पीटी शिक्षक, ज्यांना पोरं ओळखत नाहीत. मी स्वतः त्या दिवशी मैदानाच्या बाहेर थांबतो. पोरांना पहाटे साडेचारला बोलावून दोन तास नुसतं मातीत बसवतो. मोबाइल नाही, बोलणं नाही. मग अनोळखी आवाजात नंबर पुकारला जातो.

पहिल्या अशा भरतीत ती मुलगी परत ओकली. मी लांबून बघत होतो. मला जे दिसलं ते वेगळंच होतं: उलटीच्या आधी तिला नंबर लावता येत नव्हता. सेफ्टी पिन उघडली, पण बोटं इतकी थरथरत होती की कापडातून आरपार जाईना, दोनदा बोटाला टोचली. शेवटी शेजारणीनं लावून दिली. आणि तिथून तिचा धीर सुटला. आपल्याला साधी पिन लावता येत नाही, हे तिनं मनात धरलं.

मग आम्ही पिन लावायचा सराव केला. ऐकायला पोरकट वाटेल, पण रोज सरावाआधी चार पिना, चार कोपरे, घाई न करता. आधी वरच्या दोन, मग खालच्या दोन. प्रत्येक पिनेला एक सावकाश श्वास. पंधरा दिवसांत तिचे हात ते आपोआप करायला लागले. तिसऱ्या लुटुपुटुच्या भरतीला मी लांबून पाहिलं: हात थरथरत होते, तरी पिना लागत होत्या. ओकली नाही.

श्वासाचं एक शिकवा, पण नुसतं "दीर्घ श्वास घे" म्हणू नका. तिला डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवून नाडी शोधायला सांगा. नाकानं चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा-सात मोजेपर्यंत हळू बाहेर. श्वास सोडताना नाडी मंदावते आणि घेताना जरा वेगानं चालते. तरुण पोरांना हे बोटाखाली स्पष्ट कळतं. ज्या पोरीला वाटतंय की आपलं शरीर आपल्या हाताबाहेर गेलंय, तिला स्वतःच्या बोटाखाली ठोका हळू होताना लागतो, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. रांगेत बसल्या बसल्या कुणाला न कळता हे करता येतं.

छाती धडधडणं, तळहाताला घाम, पोटात गोळा, सारखं लघवीला लागणं, हे तिला आधीच सांगून ठेवा की होणार आहे. शरीर पळायची तयारी करतं तेव्हा रक्त पोटाकडून पायांकडे वळतं, म्हणून मळमळतं. मी 31 वर्षांत बंदोबस्ताला जाताना कितीतरी वेळा हेच अनुभवलंय. ते थांबण्याची वाट बघायची नसते, ते असतानाच चालायला लागायचं असतं. "तू शांत हो" म्हटल्यावर ती शांत झाली नाही की तिला वाटतं हेही आपल्याला जमलं नाही.

भीतीचा खरा घात 800 मीटरच्या पहिल्या 200 मध्ये होतो. पूर्ण 20 गुणांसाठी मुलींना 2 मिनिटं 50 सेकंद किंवा त्याहून कमी लागतात. म्हणजे 200 मीटरला साधारण साडेबेचाळीस सेकंद. घाबरलेली पोरगी शिट्टी वाजली की पहिले 200 मीटर छत्तीस-सदतीस सेकंदांत मारते. तिला ते कळतही नाही, कारण अंगात भीतीचा जोर असतो आणि त्या वेळी हलकं वाटतं. पाचशे मीटरला पाय शिशाचे होतात. मग तिला वाटतं, माझा दमच नाही. दम असतो, पण तो आधीच खर्च झालेला असतो. आमच्या त्या मुलीचं जानेवारीत हेच झालं होतं, फक्त तेव्हा ते ना तिला कळलं, ना मला.

यावर एकच सराव: 200 मीटर पळायचं, घड्याळ माझ्याकडे, आणि थांबल्यावर तिनं सांगायचं किती सेकंद झाले. सुरुवातीला ती चाळीस सांगायची आणि निघायचे छत्तीस. तीन आठवड्यांत अंदाज एका सेकंदावर आला. मग मी तिला मुद्दाम बाकीच्यांच्या मागून पळवलं. पहिल्या फेरीत चार मुली पुढे गेल्या तरी आपला वेग सोडायचा नाही, हे सगळ्यात अवघड. 600 मीटरला त्यातल्या दोघी-तिघी मागे पडताना तिनं स्वतः पाहिल्या, आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा हसत घरी गेली.

गोळ्याचं थोडक्यात. मुलींना पूर्ण गुणांसाठी सहा मीटर लागतो. वर्तुळ 2.135 मीटर व्यासाचं, आणि फेकून झाल्यावर मागच्या अर्ध्या बाजूनंच बाहेर यायचं. घाबरलेली मुलगी गोळा कुठे पडला हे बघत पुढे पाऊल टाकते आणि फाऊल होतो. त्यामुळे फेकल्यावर गोळ्याकडे बघायचंच नाही, आधी मागे वळायचं, बाहेर यायचं, मग बघायचं. सरावात मागे न वळता फेकलेला गोळा आम्ही मोजतच नाही, साडेसहा पडला तरी. पहिली फेक जोराची नको, नुसती नियमात बसणारी हवी. एक फेक मोजली गेली की छातीवरचा दगड उतरतो.

मुलींच्या बाबतीत अजून एक गोष्ट असते, ती त्या माझ्याशी बोलत नाहीत, म्हणून माझी बायको बोलते. पाळी नेमकी त्याच तारखांना आली तर काय, ही भीती जवळपास प्रत्येकीला असते आणि प्रत्येक जण ती मनातच ठेवते. तुमच्या घरातल्या कुणा बाईनं हा विषय काढावा, गरज वाटली तर डॉक्टरांना आत्ताच भेटावं, आदल्या दिवशी नव्हे. कुणाच्या सांगण्यावरून गोळ्या घेऊ नयेत. आणि ताकदीचं म्हणून कुणी इंजेक्शन, पावडर, गोळी देत असेल तर तिला हातही लावू देऊ नका. भीतीच्या भरात चांगली पोरं या फंदात पडतात.

आमच्या मुलीची पुढची चाचणी 2024 च्या जूनमध्ये होती. ती भरती 19 जूनला सुरू झाली होती, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. आमच्या शेवटच्या सरावात वळीव आला होता आणि पोरं पळून शेडखाली जायला निघाली तेव्हा मी थांबवलं होतं. ओला लोखंडी गोळा हातातून निसटतो हे त्या दिवशी कळलं. मग प्रत्येकाच्या पिशवीत एक कोरडा सुती पंचा आला. चाचणीच्या दिवशी खरोखरच भुरभुर होती. गेटच्या आत आम्हाला सोडत नाहीत, म्हणून मी आणि तिचे वडील समोरच्या टपरीवर बसलो होतो. दादांनी चार तासांत सहा चहा घेतले आणि एक शब्द बोलले नाहीत.

ती बाहेर आली ती चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेली. दादांनी विचारलं, "भूक लागली का?" मी त्यांना हे आधी सांगून ठेवलं नव्हतं, त्यांचं त्यांना सुचलं. वडापाव खाता खाता तिनंच सांगितलं की पहिला गोळा फाऊल गेला. "मग काय केलंस?" म्हटलं तर म्हणाली, "पंचानं हात पुसलं, नाडी धरली, आन्‌ दुसऱ्या टायमाला मागं वळले." मैदानात तिला 50 पैकी 42 मिळाले. लेखीत दोन गुणांनी राहिली.

हो, राहिली. दादांनी शब्द पाळला, स्थळ काढलं नाही. ती आता गणित आणि बुद्धिमत्तेवर जोर देते आहे आणि पहाटे नव्या पोरींना पिना लावायला तीच शिकवते.

तुमच्या भाचीला आता आठच दिवस आहेत, त्यामुळे नवा दम वाढणार नाही, तो नाद सोडा. पहिले दोन दिवस फक्त ऐकून घ्या. एक दिवस पहाटे तिला चाचणीसारखं सगळं करायला लावा, नंबर लावण्यापासून. शक्य असेल तर ज्या मैदानावर चाचणी आहे तिथे एकदा नुसतं नेऊन बाहेरून दाखवून आणा: गेट कुठे, बस कुठे थांबते, जवळ स्वच्छतागृह कुठे. शेवटचे दोन दिवस हलकं पळणं आणि झोप. आदल्या रात्री झोप नाही लागली तर घाबरायचं नाही, त्याच्या आधीच्या दोन रात्रींची झोप कामाला येते. जेवण रोजचंच, नवं काही नाही. सकाळी उलटी होत असेल तर अर्धं केळं आणि घोट घोट पाणी, बळजबरी नको. मात्र उलट्या दिवसभर होत असतील किंवा पळताना छातीत दुखतं, चक्कर येते असं ती म्हणत असेल, तर ते भीतीच्या खात्यावर टाकू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, चाचणी नंतर.

आणि "मी जाणारच नाही" म्हणते त्यावर वाद घालू नका. "बरं, नको जाऊ, पण उद्या पहाटे मैदानावर तर चल" एवढंच म्हणा.

ती काय म्हणाली ते इथेच खाली लिहा, आणि जमलं तर तिचा पहिल्या 200 मीटरचा वेळही. तो छत्तीसच्या आसपास निघाला तर उरलेल्या दिवसांत काय करायचं ते मी सविस्तर लिहितो.